दोन डिस्क आणि आबांचा आवाज

१४ सप्टेंबर, रविवार

ठरलं! वेगात तडजोड नाही. कॅबिनेट आलं, मदरबोर्ड बसला, ग्राफिक्स कार्ड बसलं. राहिली फक्त डिस्क. दोन एसएसडी घ्यायच्या आणि जोडून एकच असल्यासारख्या चालवायच्या — अर्धी गेम हिच्यावर, अर्धी तिच्यावर. रेसिंग गेम कशी झटक्यात उघडेल!

बेगडेवाडीच्या स्वराजला फोन केला. मामाचा मुलगा, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "रेणुताई, त्यात एक मेली की दोन्ही मेल्या समज." मरू देत! गेम गेली तर पुन्हा डाउनलोड करीन.

आईचं चालूच — "लग्नाच्या वयात खोट्या गाड्या पळवती." आबा काही बोलले नाहीत. ते आता बोलतच नाहीत.

१७ सप्टेंबर

आबांची तपासणी. रिसॉर्टच्या नोकरीवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. घशातली गाठ काढून वर्ष झालं, जखम छान भरली आहे. डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले, "आवाज आहे तुम्हाला. घोगरा आहे, पण आहे. वापरला नाहीत तर तोही जाईल." आबांनी मान हलवली. येताना वडगावला बसमधून उतरलो तर कुणीतरी हाक मारली, "गोरखभाऊ, यंदा घाटात माईक कोण धरनार?" आबांनी हात जोडले आणि पुढे चालू लागले.

अख्ख्या मावळात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे सुटले की माईकवर आबा. आणि आता चहा हवा असला तर टेबलावर टिचकी! राग येतो मला. त्यांचा नाही. कुणाचा ते कळत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

विठ्ठलकाका आले होते. वडगावचे शूटिंगवाले. स्टुडिओ बंद करतायत. माझ्या हातात जुनी जाडजूड हार्ड डिस्क ठेवली. "तू कॉम्पुटर करतीयास म्हनं. ही घे. लगनं हायेत लोकांची, पुसून टाक. पन घाटाचं फोल्डर पुसू नगं. तुज्या आबाची कॉमेंट्री हाय त्यात. दुसरीकडं कुटंच न्हाई."

मी म्हटलं, लोकांच्या मोबाइलमध्ये असेल की. हसले. "मोबाईलात धुरळा आन् शिट्ट्या!"

२१ सप्टेंबर

ऐकलं. हेडफोन लावून, दार लावून. "सुटली गाडी, आली... आली... भिर्रर्र!" तोच श्वास, तोच दम. मधेच माईक बाजूला धरून कुणाला तरी दटावतायत, "पोरगं आत घ्या वो मावशी!" मी रडले. भरपूर रडले.

आबांना आत्ता सांगणार नाही. दसऱ्याला मोठ्या स्पीकरवर लावीन. ऐकलं की बोलतील. बोललेच पाहिजेत!

२२ सप्टेंबर, घटस्थापना

बेत बदलला. एसएसडी एकच, छोटी, विंडोजपुरती. उरलेल्या पैशात दोन मोठ्या साध्या हार्ड डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल तेच आपोआप दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत. गेम रडतखडत उघडेल. उघडू दे. तेवढ्यात चहा होतो.

स्वराज म्हणाला, "वेगात तडजोड नाही म्हणणारी हीच का?" हीच!

२७ सप्टेंबर

दोनातली एक डिस्क आली ती बंदच. परत पाठवली. विठ्ठलकाकांची डिस्क मधूनच कण्हल्यासारखा आवाज करते. स्वराज म्हणतो, दोन्ही आल्याशिवाय तिला हात लावू नको, उगाच दोनदा फिरवू नको. बरं.

३० सप्टेंबर

आली! रात्री जेवून कॉपी सुरू केली. जुनी डिस्क वायर लावून उघडीच टेबलावर ठेवली आहे. सगळंच एकदम निवडून लावून दिलं. फारच सावकाश चाललंय, उद्यावर जाणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

काय लिहू.

आज हत्यारांची पूजा. आज त्यांना विश्रांती, वापरायचं नाही. आई सकाळीच म्हणाली, "तुजं मशीनबी बंद ठिव." मी स्क्रीन बंद केला. फक्त स्क्रीन. कॉपी चालूच ठेवली आणि अंघोळीला गेले. थांबवायचं नव्हतं मला. एक दिवससुद्धा थांबायचं नव्हतं.

आईला वाटलं, बंद आहे. तिने पाटावर विळा मांडला, कोयता मांडला, आबांचा माईक मांडला आणि टेबलावरची डिस्क वायरसकट उचलून शेजारी उभी ठेवली. ती आडवी पडली. मी बाहेर आले तर हळदीकुंकू, झेंडूचं फूल आणि आतून टक-टक, टक-टक.

"लोकंडाचं दिसलं म्हून घेतलं गं. मला काय म्हाईत?" तिला कसं माहीत असणार! सांगितलंच नव्हतं मी कुणाला.

४ ऑक्टोबर

स्वराज डिस्क घेऊन पुण्याला जाऊन आला. आतली तबकडी खरवडली गेली आहे, काही निघणार नाही. जेवढं आधी कॉपी झालं तेवढंच. सगळी लग्नं! तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्याकडे दोन-दोन प्रतींत सुखरूप आहेत. घाटाचं फोल्डर शेवटी होतं.

आईने आबांना सगळं सांगितलं. रडत होती. आबा उठून गोठ्यात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

८ ऑक्टोबर

चार दिवस मशीनला हात लावला नव्हता. आज लावला. रडून काय होणार आहे! मावळातल्या जत्रा कमिट्यांचे नंबर काढते आहे. एखाद्याकडे तरी आवाज निघेल. सात जणांना विचारलं. धुरळा आणि शिट्ट्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी गेम लावली, आवाज बंद करून. सावकाश उघडली. आबा मागे कॉटवर येऊन बसले. गाडी सुटली आणि माझ्या पाठीमागून फाटका, घोगरा, मधेच तुटणारा आवाज आला — "सुटली गाडी... आली... आली..." माझी गाडी कठड्यावर! मी रेकॉर्डिंगसाठी मोबाइल उचलायला गेले, तर ओरडले, "त्यो ठिव खाली! आदी गाडी बघ की गं, रेणे!"