सोळा भाज्या आणि शंखी गोगलगाय

२१ जुलै, रविवार
आजपासून रोज लिहायचं. सातवीपर्यंतच शिकलो, पण अक्षर चांगलं हाय.

सर आणि काकू सकाळी लातूरहून येऊन गेले. सर म्हणजे दत्तोपंत सर, रिटायर मास्तर. औसा रोडला त्यांचा वीस गुंठ्यांचा मळा हाय आणि मी तिथला मॅनेजर. सर मला मळ्यावरचा माणूस म्हणतात. अर्थ तोच.

इंदू काकूंच्या महालक्ष्मीला सोळा भाज्यांचा नैवेद्य लागतो. यंदा त्यांनी ठरवलंय, सोळाच्या सोळा आपल्याच मळ्यातल्या पाहिजेत, आणि फवारणीचा एक थेंब बी नको. सर म्हणाले, भागवत, अकरा सप्टेंबरला सोळा भाज्या दिल्यास तर तुझी जागा पक्की, आणि बायकोला घेऊन ये, पत्र्याची खोली तुमचीच.

उज्वला सहा महिन्यांपासून माहेरी हाय, मुखेडकडं. लग्नाला वर्ष झालं, तेवढ्यात मी सात नोकऱ्या बदलल्या. त्यात माझी चूक न्हाई, मालकच तसले भेटले. सासरे शेषेराव मामा म्हणतात, जावई एका जागी टिकला की पोरगी आणून सोडतो. काकूंनी तिला महालक्ष्मीला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंय. मामा घेऊन येणार. मी टिकलो असलो तर ठेवून जाणार, न्हाई तर जेवून परत.

म्हणजे सोळा भाज्या दिल्या की उज्वला आली. सोपं हाय. भाज्या लावून झाल्यात. आता नुसतं वाढायचं काम हाय, ते त्यांचं त्या करतात.

२३ जुलै
पालकाची एक ओळ गायब. शेजारच्या गुरुपादप्पांवर संशय हाय. काल बांधावर उभे राहून आमच्या पालकाकडं बघून राहिले होते.

२४ जुलै, सकाळी
चोर सापडला. गोगलगायी. शंखवाल्या. एकेक लिंबाएवढी. चुक्याच्या वाफ्यात बसून निवांत खाऊन राहिल्या. पाऊस पडला की जमिनीतून निघतात म्हणे.

मला काही टेन्शन न्हाई. तिला पळता येत न्हाई, मला येतं.

२६ जुलै
मिठाची आयडिया माझीच. गोगलगाय मिठानं विरघळते हे सगळ्यांना माहीत हाय, पण करतंय कोण? मीठ काही औषध न्हाई, आपण रोज खातो. दोन किलो जाडं मीठ मेथीच्या आणि शेपूच्या कडेनं रांगोळीसारखं टाकलं. संध्याकाळी पाऊस आला. चांगलं झालं, मीठ मुरेल.

२८ जुलै
गोगलगायी मेल्या चार. मेथी मेली सगळी. शेपू पिवळा पडून राहिलाय.
शिल्लक भाज्या तेरा. तेरा म्हणजे सोळाच जवळपास.

१ ऑगस्ट
औश्याहून चुन्याची गोणी आणली. सगळ्या वाफ्यांभोवती पट्टे मारले. चुन्यावरून गोगलगाय जात न्हाई. लई भारी दिसून राहिलं, कबड्डीच्या ग्राउंडसारखं. बांधावरून येणारे जाणारे थांबून बघतात. फोटो काढून उज्वलाला पाठवला. ती म्हणाली, पाऊस आला की? मी म्हणालो, तू नेहमी वाईटच का बोलतीस.

२ ऑगस्ट
पाऊस.

४ ऑगस्ट, रविवार
सर आले. मेथीचं विचारलं. मी म्हणालो, बियाणं खराब निघालं.

सरांनी पद्धत सांगितली. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडेनं टाकायचं. रात्री गोगलगायी वासानं त्याच्याखाली जमतात. सकाळी सहाला पोतं उचलून त्या गोळा करायच्या, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. रोज. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून.

काकू म्हणाल्या, अहो, उद्यापासून श्रावण हाय. माझ्या नैवेद्याच्या भाजीसाठी जीवहत्या नको. पोळा होईपर्यंत नुसत्या उचला, लांब सोडा.

सर म्हणाले, इंदू, त्या गोगलगायी हाएत, गायी न्हाएत. काकूंनी नुसतं बघितलं. सर पोती मोजायला गेले.

८ ऑगस्ट
आठ पोती टाकली. गूळ तीन किलो आणला होता. एक किलो भाकरीबरोबर गेला. गोगलगायींना दोन बास झाला.

१२ ऑगस्ट
चार दिवस झाले, सकाळी सहाला उठणं झालं न्हाई. इथली हवा जड हाय. पण दुपारी एक पोतं जरा उचलून बघितलं तर खाली पन्नासेक गोगलगायी गोळा होऊन झोपलेल्या! याला म्हणतात कंट्रोल. सगळ्या एका जागी आणल्या म्हणजे निम्मं काम झालं. झाकून ठेवलं. अजून जमू द्या.

उज्वलाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्ही त्यांना घर बांधून दिलंत, वर गूळ बी घातलात. आणि पोती बांधाला टाकलीत का वाफ्यात? मी म्हणालो, वाफ्यात, गोगलगायी तिथंच हाएत की. तिनं फोन ठेवला. मला वाटलं रेंज गेली.

१४ ऑगस्ट
सगळी पोती उचलली. गोगलगायी तर हाएतच, खाली मातीत साबुदाण्यासारखी पांढरी अंडी. मुठीमुठीनं. पोत्यांच्या कडेची भेंडी, गवार, तांदुळजा, मुळा पार छाटलेला.
शिल्लक नऊ.

१६ ऑगस्ट
आज मनाशी पक्कं ठरवलं. सकाळी उठलो. (साडेसात. पण ढग होते, म्हणजे सहाच.) दोन बादल्या भरून गोगलगायी उचलल्या. काकूंनी लांब सोडा म्हणून सांगितलंय. लांब म्हणजे किती ते न्हाई सांगितलं. बांधापलीकडं गुरुपादप्पांच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या, सोयाबीनमध्ये रिकाम्या केल्या. जीवहत्या न्हाई, नुसती बदली. सरकारी नोकरीत होते तशी.

२० ऑगस्ट
रोज दोन बादल्या बदली करून राहिलो. रोज तेवढ्याच नव्यानं हजर. कुठून येतात?

२५ ऑगस्ट, रविवार
सरांचा गुडघा सुजलाय, तीन आठवडे झाले आले न्हाईत. देव पावला. म्हणजे, सरांना लवकर बरं वाटो.

त्यांनी मळ्याचे फोटो मागितले. जुलैमधले पाठवले. खोटं काही न्हाई, भाज्या आपल्याच हाएत, फक्त तारीख जुनी. सरांनी हात जोडलेला फोटो परत पाठवला. जीवाला लागलं जरा.

शिल्लक सात: वांगी, टमाटे, दोडका, पडवळ, काकडी, तांबडा भोपळा, कारलं.

२७ ऑगस्ट
पलीकडच्या सरजाबाईंच्या सहा कोंबड्या दिवसभर मागून आणल्या. गावठी, तरतरीत. कोंबड्यांनी गोगलगायींकडं बघितलं. गोगलगायींनी शंख ओढून घेतला. मग कोंबड्यांनी टमाट्याच्या बुडाची माती उकरली आणि गांडुळं खाल्ली. टमाटे उताणे पडले. संध्याकाळी सरजाबाई म्हणाल्या, काय रं, पोट भरलं का माझ्या कोंबड्यांचं? मी म्हणालो, हाव मावशी, लई.

३० ऑगस्ट
चाकणला येतो का म्हणून गावाकडच्या मित्राचा फोन. कंपनीची बस, दोन टाइम जेवण. पिशवी भरली. मग उज्वलाचा फोन आला. काकूंसाठी खण घेतलाय म्हणाली. आणि विचारलं, सोळा झाल्या का हो? मी म्हणालो, झाल्यातच जमा.
पिशवी रिकामी केली.

१ सप्टेंबर, रविवार
उद्या पोळा. आप्पांकडं बैलांची खांदमळणी होती, खांद्यांना हळद-तूप चोळायला मदतीला गेलो. आप्पा बैलांची शिंगं यंदा हिरवी रंगवून राहिले. लाल डबा तसाच उरला होता, तो मागून आणला.

डोकं चाललं. उचललेल्या दीडशे गोगलगायींच्या शंखावर लाल टिपका दिला आणि आप्पांच्या सोयाबीनमध्ये सोडल्या. परत येतात का बघू. शास्त्रज्ञ असंच करतात.

३ सप्टेंबर
लाल टिपक्याच्या चौतीस परत आल्या.
हिरव्या टिपक्याच्या साठ आल्या.

१०.३०. बांधावर गेलो. आप्पा बादली घेऊन उभेच होते. बादलीत माझ्या लाल. आप्पा म्हणाले, आरं भागवता, तू टाकून राहिलास व्हय? मी दोन म्हयने झाले सोयाबीनमधल्या तुझ्याकडं टाकून राहिलो. मला वाटलं, सर शिकलेले हाएत, पगारी माणूस ठेवलाय, त्यो बघंल त्यांचं काय करायचं ते.

मी म्हणालो, आप्पा, आपल्या दोघांमध्ये गोगलगायी फक्त हिंडून राहिल्या. आप्पा म्हणाले, हिंडून न्हाई रं, खात खात.

५ सप्टेंबर
श्रावण संपला. आता मारायला काकूंची हरकत न्हाई. मी आणि आप्पा, दोघं दोन्ही बाजूंनी. साबणाच्या पाण्यात. आप्पा पाचला हाका मारतात, झोपू देत न्हाईत. तीन दिवसांत एवढ्या कमी झाल्या की विश्वास बसत न्हाई. पद्धत बरोबर होती तर! सुरवातीपासून मी तेच म्हणून राहिलो.

फक्त मळ्यात आता खायला बी काही न्हाई. वेल कुरतडून सुकले. वांग्याच्या नुसत्या काड्या.
शिल्लक एक. कारलं. मांडवावर चांगलं लटकलंय. एकावरून सोळा होऊ शकतात. सुरवात एकानंच होते.

८ सप्टेंबर, रविवार
काकूंचा फोन. म्हणाल्या, भागवत, एक सांगायचं राहिलं, आमच्यात नैवेद्याला कारलं चालत नाही हं.

म्हणाल्या, सरांना बरं वाटतंय. बुधवारी सकाळी उज्वलाला आणि तिच्या वडिलांना लातूर स्टँडवरून रिक्षात घेऊन सर मळ्यावरच येतील. स्वतःच्या हातानं भाज्या तोडायच्या म्हणतात. लहान मुलासारखं करतायत.

मी म्हणालो, या काकू, वाट बघतो. जेवलो न्हाई.

१० सप्टेंबर, संध्याकाळी ७
औश्याच्या बाजारातून पंधरा भाज्या आणल्या. सोळावी बी आणली, कारल्याच्या जागी घेवडा. मेथी, पालक, शेपू, चुका मुळासकट मिळाला, तो वाफ्यात ओळीनं खोचला. मुळे परत पुरले. वांगी, टमाटे, भेंडी काड्यांना पांढऱ्या दोऱ्यानं बांधली. दोडका, पडवळ मांडवाला. भोपळा जमिनीवर ठेवला, त्याला बांधायचं काम न्हाई.

यात फसवणूक न्हाई. उगवतं ते मातीतच. ती माती औश्याची असली काय न् आपली असली काय, तालुका एकच.

लांबून बघितलं. जुलैपेक्षा भारी. पावसाची भुरभुर चालू झालीय, भाज्या ताज्या राहतील. डोळे भरून आले. उद्या उज्वला.

११ सप्टेंबर
सकाळी साडेआठला रिक्षाचा आवाज आला तेव्हा उठलो.

उरलेल्या गोगलगायी, अंड्यांतून निघालेली नवी पिल्लं, आप्पांच्या रानातल्या, सगळ्या रात्रीत जेवायला आल्या होत्या. खोचलेला पालक तर अजून मुळं न धरलेला, उठून पळू बी शकत न्हाई. पानांचे नुसते देठ उभे. वांग्यांना भोकं. भोपळ्यात एक आत बसलेली.

सर काठी टेकत बांधावर उभे राहिले. उज्वला वाफ्यात उतरली. अर्ध्या वांग्याला धरून तिनं ओढलं तर वांग्याबरोबर दोरा आला. दोऱ्याबरोबर काडी आली. ती म्हणाली, अहो, हे काय? मी म्हणालो, आधार दिलाय. मामा खोकले.

लातूरला गेल्यावर बघतो तर काकूंच्या स्वयंपाकघरात सोळा भाज्या चिरून तयार. बाजारात महालक्ष्मीला सोळा भाज्यांचा वाटा मिळतो, तो त्यांनी कालच आणून ठेवलेला. म्हणाल्या, भागवत, तू पाठवलेल्या फोटोत कडक ऊन होतं, आणि इकडं आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. जेव पोटभर.

पोटभर जेवलो. रडू येत होतं, पण पुरणपोळी चांगली होती.

१२ सप्टेंबर
सर म्हणाले, जागा पक्की करतो. मी पाया पडायला वाकलो. सर म्हणाले, तुझी नव्हे, उज्वलाची. तिनं काल जेवण झाल्यावर सरांना सगळं विचारलं, गोगलगायी कुठून येतात, अंडी किती खोल असतात, कोणत्या बांधाला ओल धरते. पुढच्या महालक्ष्मीच्या सोळा भाज्या आता तिच्याकडं. मामा तिला ठेवून गेले. एसटीत बसताना मला म्हणाले, पाव्हणं, पोरगी टिकंल.

उज्वलानं सरांना विचारलं, मग ह्यांचं काय? सर म्हणाले, ते तू ठरव. तिनं माझ्याकडं वरून खाली बघितलं. म्हणाली, उद्या पहाटे साडेपाचला माझ्याबरोबर गोगलगायी उचलायला उठले, तर बघते. मला म्हणाली, उठाल ना? मी म्हणालो, हाव. ती म्हणाली, तोंडी नको, तुमच्या त्या वहीत लिहा.

लिहितो. उद्या साडेपाचला उठणार. भागवत.

१३ सप्टेंबर, सकाळी ९.४०
उज्वला मळ्यात दिसून राहिलीय. बादली भरलेली हाय. आप्पांबरोबर कशाला तरी हसून राहिली.

माझी पिशवी घडी केलेल्या कपड्यांसकट दाराबाहेर ठेवलीय. खोली झाडायला काढली असंल.