दुधात मीठ

माय, काल आप्पांनी एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला तुझा इतका राग येऊन राह्यला की आज दुकानाचं शटरसुद्धा उघडलं न्हाई. तू जाऊन अठरा वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळे म्हणतात. म्हणू दे. मी धरणार आहे. हा कागद कुठं टाकायचा न्हाई, कुणाला दाखवायचा न्हाई, आणि तुला तर वाचताही येत नव्हतं. म्हणून मनात आहे ते बराबर तसंच लिहिणार आहे, मधे थांबणार न्हाई.

आप्पा दोन वर्षांपासून माझ्याकडंच असतात, जालन्यात. दात गेले, गुडघे गेले, तो दराराही गेला. आता दूध पोळी कुस्करून दिली तरी हात जोडतात. माझं दुकान तुला ठाऊक न्हाई. कॉलेजच्या रस्त्याला दोन टेबलं आणि एक ओव्हन, एवढंच. तुझे जावई सळईच्या कारखान्यात जातात आणि मी इथं पोरापोरींना खाऊ घालते. सगळ्यात जास्ती खपतं ते टेट्राझिनी. पोरं नुसतं टेट्रा म्हणतात. लांब शेवयांसारखा पास्ता उकडायचा, लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालून दाट रस्सा करायचा, चिकन न्हाईतर मशरूम, वरून चीज आणि पावाचा चुरा, आणि मंग वरची बाजू लालसर होईस्तोवर भट्टीत. काल दुपारी आप्पांना चावायला सोपं म्हणून त्यातलंच थोडं ताटलीत दिलं. त्यांनी सगळं खाल्लं, कडेला चिकटलेलं चमच्यानं खरवडून खाल्लं, आणि म्हणाले, "हे तेच का, जे तुझ्या मायनं फेकून देल्तं?" मी म्हणले, हो, तेच. तर म्हणाले, "त्या चांदी म्हशीची धार तिनंच चुकवल्ती." मी ओट्यापाशी उभी होते. ओव्हन बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.

तो दिवस तू विसरली असशील असं मला बिलकुल वाटत न्हाई. दिवाळीची सुट्टी होती. मी औरंगाबादहून आल्ते, हॉटेलच्या कोर्सचं दुसरं वर्ष चालू होतं. आपल्या भावकीत शिकायला बाहेर गेलेली मी पहिलीच पोरगी, आणि तीही कशासाठी, तर रांधायला. सगळे हसायचे. रांधायला शिकायला कुणी कॉलेजात जातं का म्हणायचे. तू एकटी हसली न्हाई, हे मला आठवतं, आणि म्हणूनच जास्ती चिडायला होतं. पाडव्याला मी चांदीची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरं घातली. चांदी म्हणजे आपल्या घरातली सगळ्यात गुणी म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, तुझ्याशिवाय कुणाला कासेला हात न लावू देणारी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी म्हणले, माय, आज माझ्या हातचं खा. तू कापूस वेचायला गेली आणि मी औरंगाबादहून आणलेलं पास्त्याचं पाकीट फोडून चूल पेटवली.

घरात भट्टी कुठली. बट्टी भाजतो तसं केलं. जर्मनच्या पातेल्यात सगळं थरानं लावलं, खाली गोवऱ्यांचे निखारे, वर झाकणीवर निखारे. तू वावरातून आली तेव्हा ते शिजतच होतं. तू पाय धुऊन चुलीपाशी बसली आणि मी तुला सरांनी शिकवलेलं सगळं सांगितलं. की ही इटलीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांची खाण्याची तऱ्हा. की गावाकडं त्यांना दूधलोणी जपून वापरावं लागायचं, आणि तिकडं मुबलक मिळालं तसं त्यांनी सगळ्यातच घातलं. की इटलीत आज कुणाला हे नावही ठाऊक न्हाई. की ते नाव एका गाणाऱ्या बाईचं आहे, मोठ्या नाटकगृहात गाणारी, जाडजूड, सगळं जग तिच्या मागं वेडं. एका शहरातलं हॉटेल म्हणतं आम्ही तिच्यासाठी केलं, दुसऱ्या शहरातलं म्हणतं आम्ही. तू विचारलं, "मंग तिनं केलं का ते?" मी म्हणले, न्हाई, ती फक्त गायची, केलं कुण्या आचाऱ्यानं, त्याचं नाव नक्की कुणाला माहीत न्हाई. तू हसली. म्हणली, "करणाऱ्याचं नाव कोण घेतं बाई." माय, हे तू तुझ्या तोंडानं म्हणलं होतं.

मंग मी झाकणी काढली. वरची पापडी बघून तू खूश झाली. दुधाच्या पातेल्याची खरवड तुला किती आवडायची, तशीच ती होती. तू दोन घास खाल्ले. तिसरा घेतला. म्हणली, "शेवया जाड हायेत, पण ग्वाड न्हाई लागत, खारं लागतंय. मीठ कशात घातलं?" मी म्हणले, "दुधात घातलं. काय होतंय त्यानं?"

तुझा हात तिथंच थांबला. आपल्या घरात कळायला लागल्यापासून ऐकलेलं, दुधात मीठ घालायचं न्हाई, घातलं की जनावराची कास नासते. आपले आज्जे पणजे म्हशी वळून जगलेले, त्यांनी घालून दिलेलं. ताकात मीठ चालतं, दह्यात चालतं, दुधात न्हाई. का, असं कुणी विचारायचं न्हाई. तू उठली, पातेलं उचललं, गरम होतं तरी पदरानं धरून उचललं, आणि उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. कुत्रीसुद्धा लगेच जवळ आली न्हाईत इतकं ते वाफाळत होतं. मंग घरात येऊन भिंतीकडं तोंड करून पडली. मी अंगणात. आप्पा हसनाबादच्या बाजाराला गेल्ते. दिवस मावळला, चांदी दाव्याला ओढ देऊन राह्यली, ओरडून राह्यली, आणि तू उठली न्हाई. मी एकदा म्हणले, माय, धार. तू म्हणली, "तूच काढ, तुलाच लई कळतं." चांदी मला कासेजवळ येऊ देत न्हाई हे तुला ठाऊक होतं. आप्पा आल्यावर तू त्यांना सांगितलं की रेडकू सुटलं आणि सगळं दूध पिऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी चांदीची कास दगडासारखी झाली. दोन सडांतून गुठळ्या यायला लागल्या. भोकरदनहून जनावरांचे डॉक्टर आले, खाली बसले, कास चाचपली आणि विचारलं, "धार चुकली का एखादी? कासेत दूध तुंबलं का?" आप्पा शेजारी उभे, हातात तो वेळूचा फोक. तू म्हणली, "एकबी न्हाई चुकली." आणि माझ्याकडं बघितलं. बस, एकदाच बघितलं. मंग आप्पांकडं वळून म्हणली, "पोरीनं दुधात मीठ घातलं."

मी गप बसले. तो फोक तुझ्या पाठीवर कसा उठायचा ते मी लहानपणापासून बघितलेलं. म्हशीचे सड गेले आणि ते तुझ्या हातून गेले हे कळलं असतं तर त्या दिवशी तुझं काय झालं असतं, ते डॉक्टर उभे होते तेवढ्या वेळात मी सगळं डोळ्यांपुढं बघितलं. म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला तसं झालं असंही कुणी म्हणलं न्हाई, सगळ्यांनी मीठच धरलं. आप्पांनी मला हात लावला न्हाई. नुसतं म्हणाले, "हिला परत पाठवायची न्हाई. असलं शिकून घरादाराला आग लावंल." तू तिथंच होती. तू काही बोलली न्हाई. सुट्टी संपली आणि मी तिथंच राहिले, शेण काढत, चांदीच्या उरलेल्या दोन सडांची धार काढणारी तुला बघत. पुढच्या वर्षी माझं लग्न लागलं. आजही भावकीतल्या बाया मला बघितलं की हसून म्हणतात, मीठवाली आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

एवढी वर्षं मी काय समजत होते सांगू? मी समजत होते की तू भीत होती. भिणाऱ्या माणसावर किती रागवणार. मीच माझी समजूत घालायचे, की माझं कॉलेज गेलं पण मायची पाठ वाचली. तुला अग्नी दिला तेव्हाही मी तेच म्हणले. आणि काल आप्पा म्हणतात चांदीची धार तिनं चुकवल्ती. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"तिनंच सांगितलं. तुझ्या सुपारीच्या आधी. रडून राह्यल्ती."

"मंग तुम्ही मारलं तिला?"

"न्हाई. सड गेले ते गेले, मारून काय परत येणार हायेत."

"आणि मला का न्हाई सांगितलं?"

आप्पा चमचा चाटून राह्यलते. म्हणाले, "तू तर बराबर दिसत होती. आन् पाव्हण्यांना शब्द देल्ता."

बराबर दिसत होते मी. माय, सुपारीच्या आधी म्हणजे उन्हाळा. तेव्हा माझे सहाच महिने बुडले होते. सरांचं पत्र आल्तं, जूनमधे ये, वर्ष परत भर, जागा आहे. ते पत्र मी तुला वाचून दाखवलं होतं, चुलीपुढं, आठवतं का? तू ऐकलं आणि भाकरी उलटली. त्याच सुमाराला तू ज्या माणसाला आपण दोघी भ्यायचो त्या माणसापुढं जाऊन खरं बोलली, आणि त्यानं तुला मारलं न्हाई, आणि तरी तू माझ्यापर्यंत आली न्हाई. त्याच्यापुढं रडायला तुला जमलं. माझ्यापुढं न्हाई. दोन खोल्यांचं घर आपलं, तू किती पावलं चालली असती? जो मारायचा त्याच्यापाशी मन मोकळं केलं, आणि जिनं तुला वाचवलं तिला मीठवाली करून सासरी पाठवलं. भीती होती म्हणून गप बसली असती तर मी समजू शकले असते. पण भीती संपल्यावरही तू गप बसली. हे मी कशात बसवू, सांग मला. करणाऱ्याचं नाव कोण घेतं म्हणली ना तू? घेतलं असतं तर माझं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं. चांगलं झालं असतं का वाईट, ते मला ठाऊक न्हाई. पण माझं झालं असतं.

आणि ते पाकीट. लग्नानंतर इथं येऊन पेटी उघडली तर लुगड्यांच्या खाली ते उरलेलं पास्त्याचं अर्धं पाकीट, वरून दोऱ्यानं बांधलेलं. तू जपून ठेवलं होतं. मला वाटलं टोमणा मारला, सासरीही मीठ घालू नको म्हणून. मी ते मोरीत ओतलं आणि त्यावर पाणी ओतलं. काल आप्पांचं ऐकल्यावर रात्रभर ते पाकीटच डोळ्यांपुढं होतं. तुला त्यात काही सांगायचं होतं, एवढं आता मला कळतंय. पण पाकिटाला काय तोंड असतं का माय? तोंड तुला होतं. शेजारणीच्या कोंबडीनं परसात पाय टाकला तर अख्खी गल्ली उठवायची तू. एक वाक्य बोलायचं होतं. "धार मी चुकवली." तीन शब्द. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी पंधरा दिवस उशाशी बसले, तुला पेज भरवली, तू माझा हात धरून ठेवायची आणि छताकडं बघायची. मी वाट बघायचे. तू म्हणायची, पाणी दे.

मी तुला माफ करणार न्हाई. आज तरी न्हाई. आप्पांनाही न्हाई, पण त्यांना जेवू घालावं लागतं, तुला न्हाई घालावं लागत, म्हणून तुझ्यावर जास्ती.

आता एक गोष्ट राहिली, ती आप्पांना ठाऊक न्हाई, तुझ्या जावयांना न्हाई, कुणालाच न्हाई. माझी लेक दुकानात मदत करते, ती नेहमी विचारते, मम्मी, तू सॉसमधे मीठ का घालत न्हाईस, पास्त्याच्या पाण्यात एवढं मूठभर का घालतेस? मी म्हणते तशीच रीत आहे. दूध पिशवीतून येतं, कुठल्या गावच्या कुठल्या म्हशीचं ते देव जाणे, तरी त्यात माझा हात जात न्हाई. आणि माय, त्या दिवशीही गेला नव्हता. मीठ मी उकळत्या पाण्यात घातलं होतं, शेवया उकडायच्या आधी. दुधात चिमूटभरही न्हाई. तू असं विचारलं जसं मी शेण खाल्लं होतं, आणि मला दोन वर्षांच्या औरंगाबादचा माज होता. मला दुधात मीठ घालणारी पोरगी व्हायचं होतं. म्हणून मी म्हणले, दुधात घातलं.