गव्हाचा फ्रॉक

आई, मंडळाच्या बैठकीतून आत्ताच घरी आले. पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात बसले आहे. पाणी अजून प्यायलेले नाही. इतका संताप फार दिवसांत झाला नव्हता, आणि तो कोणापाशी बोलावा म्हटले तर घरातले म्हणतील, तुला काय करायचंय. तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस. पण तू आता मधे बोलू शकत नाहीस, म्हणून तुलाच लिहिते.

आमच्या इमारतीतल्या बायकांचे एक मंडळ आहे. हळदीकुंकू, सहल, असे चालते. गेली काही वर्षे दिवाळीला गरीब घरांना फराळाचे सामान देतो: रवा, मैदा, साखर, चणाडाळ, तेलाची पिशवी. वर्गणी सगळ्याच काढतो, मीही काढते. नाक्यावरच्या वाण्याकडून सामान घेतो आणि चिटणीसबाईंच्या हॉलमध्ये बसून प्रत्येक पाकिटावर मंडळाच्या नावाचे स्टिकर चिकटवतो. खाली लिहिलेले असते, ‘दिवाळीची सस्नेह भेट’. हे शब्द लक्षात ठेव, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे. यंदा एक पिशवी आमचे जिने झाडणाऱ्या बाईला दिली. ती गणेशपुरीकडच्या पाड्यावरची. नवरा नारपोलीत लूमवर, कापडाच्या मागावर आहे, म्हणजे ड्युटी लागली तर आहे. एक मुलगी, सहावी-सातवीतली.

दिवाळी झाल्यावर चिटणीसबाई घरचा रवा आणायला त्याच वाण्याकडे गेल्या. घरी येऊन पाकीट कापायला घेतले तर त्यावर आपलेच स्टिकर! त्या तशाच पायऱ्या उतरून दुकानात गेल्या. वाणी शांतपणे म्हणाला, “भाभी, माल तो अच्छा है, आपका ही है.” आणि विचारल्यावर त्याने सांगूनही टाकले की तुमची जिनेवाली देऊन गेली, अख्खी पिशवी. एवढ्या शहरात तिला तोच दुकानदार सापडावा, आणि आम्हालाही खरेदीला तोच, आणि स्टिकर काढून टाकावे हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये! मला ऐकताना हसू आले होते, आई. सगळ्या हसून मोकळ्या झाल्या असत्या तर मी हे लिहायला बसलेच नसते.

पण आज बैठक लावली. बाईला बोलावून घेतले आणि ती दाराशी उभी राहिली. आम्ही सोफ्यावर. बसा म्हणायचे कोणालाच सुचले नाही. मलाही नाही.

“काय गं, सामान विकलंस?” चिटणीसबाईंनी विचारले.

“विकलं ताई. खोटं कशाला बोलू.”

“आणि पैशाचं काय केलंस?”

“पोरीला पेटी घेतली. ती आरशाची येते ना, जांभळी. नखाचा रंग, लिपस्टिक असतं आत.”

खजिनदारबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “ऐका! आपण दिलं ते पोराबाळांच्या तोंडात गोड पडावं म्हणून. हिने तोंडाला रंग आणला!”

हशा पिकला. तीही थोडी हसली, आपणही हसायचे असते असे वाटून. मग म्हणाली, “गोडाचं काय ताई, या बिल्डिंगमधून लय येतं. सगळ्याच देता तुम्ही. चिवडा तं आमच्याकडं अजून हाय, पोरगी आता हात लावत न्हाय. तळायला ग्यासबी पुरला पायजे.”

“मग तसं सांगायचं. पेटी हवी होती तर आमच्याकडे मागायची.”

“मागितली असती तं दिली असती काय?”

तिने हे उद्धटपणे विचारले नव्हते, आई. भाजीचा भाव विचारावा तसे विचारले. पण हॉलमधली हवाच बदलली. चिटणीसबाईंनी तिला खाली जाऊन थांबायला सांगितले आणि ती जाताच बोलणे सामानावरून तिच्या कामावर आले. जिला दिलेल्याची किंमत नाही तिला इमारतीत ठेवायची कशाला, जिन्याला दुसरी बाई बघू. खजिनदारबाईंचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे त्यांनी एक शब्द टाकला की तिचे काम गेलेच. एका आरशाच्या पेटीपायी.

आता मी स्वतःलाही सोडत नाही. पेटीचे ऐकल्याबरोबर माझ्याही मनात आधी तेच आले, अगं, निदान दप्तर तरी घ्यायचेस, चपला घ्यायच्यास. दप्तर घेतले असते तर मी तिच्या बाजूने लगेच बोलले असते, आणि लिपस्टिक म्हटल्यावर जरा थांबले. म्हणजे गरिबाने आनंदसुद्धा आमच्या पसंतीचा करावा, एवढीच माझी उदारता. वर्गणी देणाऱ्याला आपले पैसे कुठे गेले हे विचारायचा हक्क आहे, हेही मी घासून पाहिले. सगळ्यांनीच पिशव्या विकल्या तर? तर विकल्या. मग आपण चुकीची वस्तू देतो आहोत असा त्याचा अर्थ, एवढेच. आणि ‘भेट’ असे छापून दिल्यावर तिचा हिशोब मागायचा असेल तर तो शब्द तरी छापू नये. याच चिटणीसबाईंनी मला यंदा सुक्या मेव्याचा डबा दिला. आत त्यांच्या यजमानांच्या कंपनीचे शुभेच्छापत्र तसेच होते, त्यांच्याच नावाचे. मी तोच डबा जावेकडे दिला, पत्र तेवढे काढून. आमच्या इमारतीत दिवाळीला असे कितीतरी डबे मजल्यामजल्यांवरून फिरतात. त्यांच्यासाठी कधी बैठक लागली नाही.

आणि मग मला तुझा गहू आठवला.

नारपोलीतली आपली ती खोली. भिंतीपलीकडे लूमची खटखट, लाइट गेली की ती थांबायची आणि आपण सगळे उगाच हळू आवाजात बोलायला लागायचो. खारबावहून मामा तांदूळ पाठवायचा, गाडीने कोणी येणारे असले की पोते यायचे. आपल्याकडे भात आणि तांदळाची भाकरी. पोळी पाहुणे आले तर. त्यामुळे रेशनचा गहू डब्यात साठत जायचा. शेजारच्या भाभींची गोष्ट उलटी. त्यांचे रेशनकार्ड गावाकडे, उत्तरेत, आणि घरात रोटी खाणारी माणसे. मला दिसतात त्या दारात, पदर डोक्यावर, हातात पातेली. “दीदी, गेहूँ पड़ा है क्या?” आणि तू म्हणतेस, “हाय ना, घेऊन जा. कीड तरी नको लागायला.” तुझी हिंदी कधी पुढे गेली नाही आणि त्यांचे मराठी कधी सुरू झाले नाही, पण भांडण एकदाही ऐकले नाही. पैसे तू घेत नव्हतीस. मग एका दिवाळीआधी भाभींच्या नवऱ्याने कारखान्यातून डागी कापडाचा तुकडा आणला, शेठने तसाच देऊन टाकलेला. पांढरे, रांगडे कापड. गहू त्यांच्याकडे गेला आणि कापड आपल्याकडे आले.

तू पुडीचा लाल रंग आणून ते मोठ्या पातेल्यात उकळलेस. मीठ कमी पडले की रंगच हलका होता कोण जाणे, पण कापड गुलाबी झाले, तुझी बोटे गुलाबी झाली, आणि ते पातेले तर कायमचेच गुलाबी राहिले. फ्रॉक शिवला भाभींच्या मशीनवर. बाहीला झालर लावायची भाभींची हौस, आणि झालर धुवायला त्रास होतो असे तुझे म्हणणे. झालर लागली. पहिल्या आंघोळीनंतर मी तो घातला आणि दुपारपर्यंत माझी मान गुलाबी झाली. मी आरशात मान वळवून वळवून बघते आहे. आई, मी तशी देखणी पुन्हा कधीच दिसले नाही. लग्नातसुद्धा नाही.

त्या दिवशी बाबांच्या साहेबांच्या बाई फराळाचे ताट घेऊन आल्या. त्यांनी मला जवळ घेतले. “अगं, किती गोड फ्रॉक! कुठून आणला?”

“हा गव्हाचा आहे,” मी म्हणाले.

“गव्हाचा?”

“आईने भाभींना रेशनचा गहू दिला ना...”

एवढेच बोलले आणि तू आतून आलीस. “काहीतरीच बोलते हो. हिच्या मामाने पाठवलाय, खारबावहून.” मला हाताला धरून आत नेलेस. दंडाला असा चिमटा काढलास की तिथे फ्रॉकपेक्षा गडद रंग चढला. “घरातलं दारात न्यायचं नाही. पुन्हा बोललीस तर शेगडीत घालीन फ्रॉक.” आणि लगेच तोंड पुसून बाहेर गेलीस. बाईंच्या ताटात तू आपले लाडू भरलेस. ते रेशनच्या साखरेचे होते, दिवाळीला जास्तीची मिळायची तिचे. बाईंनी तिथेच एक खाल्ला, छान झालेत म्हणाल्या. रेशनच्या साखरेचा लाडू त्यांच्या घरी गेलेला चालला, रेशनच्या गव्हाचा फ्रॉक माझ्या अंगावर मात्र लपवावा लागला. मी तेव्हाही रागावले होते, पण मला वाटायचे, दुखले म्हणून. आज कळते की राग चिमट्याचा नव्हता. आपण चोरी केली आहे असे तू मला वाटायला लावलेस. आवडता फ्रॉक होता, पण त्यानंतर कोणी त्याच्याकडे बघितले की मी हात मागे घ्यायची.

रेशनचे धान्य असे दुसऱ्याला द्यायचे नसते, मला माहीत आहे. बाबांची नोकरी सरकारी होती, साहेबांच्या बाईंच्या तोंडून गोष्ट कुठे गेली असती हेही आता समजते. तुझ्या भीतीला कारण होते. तरीही विचारते, आई. जे धान्य आपण खात नव्हतो ते उपाशी शेजारणीला देऊन पोरीला दिवाळीचा फ्रॉक करणे, यात मान खाली घालण्यासारखे काय होते? कोणी तुला हे शिकवले? साहेबांच्या बाईंनीच ना, एक शब्दही न बोलता. आज चिटणीसबाई तेच त्या बाईला शिकवत होत्या, फक्त बोलून.

तर बैठकीत शेवटी असे ठरत आले की बाईचे काम काढायचे, आणि पुढच्या वर्षीपासून प्रत्येक पाकिटाचा कोपरा कापून द्यायचा, म्हणजे कोणी वाणी परत घेणार नाही. तेलाच्या पिशवीचे काय करायचे यावरही चर्चा झाली. कापली तर सांडेल. शिकल्यासवरलेल्या बायका तेलाची पिशवी न सांडता कशी फोडावी याचा विचार करत होत्या! मग मला राहवले नाही. मी उभी राहिले आणि फ्रॉकची गोष्ट सांगितली. गहू, डागी कापड, गुलाबी पातेले, झालर, मान. साहेबांच्या बाई आणि तो चिमटासुद्धा. आवाज चढला होता माझा. शेवटी म्हणाले, “त्या पोरीची पेटी शाबूत राहू द्या, आणि तिच्या आईचं कामही.”

मग खजिनदारबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “अगं बाई, गव्हाचा फ्रॉक!” काम राहिले, आई. त्यांनीच यजमानांना काही सांगायचे नाही असे ठरवले. कोपरे कापायचे मात्र तसेच राहिले. त्यावर मी पुन्हा भांडणार आहे.

खाली जिन्याच्या तोंडाशी ती बसली होती. मी सांगितले, काम राहिलं तुझं. तिने विचारले, “काय बोललात ताई त्यांना?” मी तिलाही थोडक्यात गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतली, आणि उठताना म्हणाली, “बरी व्हती बाई. तुमची कोण?”

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही. पाणी पिऊन झाले की फाडून टाकीन, कारण घरात कोणाच्या हाती लागले तर त्यांना जे कळेल ते मी आज भरल्या बैठकीत बोलू शकले नाही, आणि जिन्यात तिने समोरून विचारले तेव्हाही नाही. वर हॉलमध्ये मी सुरुवातच अशी केली होती, “आमच्या शेजारी एक बाई राहायच्या, त्यांना एक लहान मुलगी होती.” आणि खाली तिला म्हणाले, “कोणी नाही गं. शेजारच्या.”