हिवरखेडच्या लग्नाखाली आई

बाबा, आज घरच्या कॉम्प्युटरमध्ये मी दोन हार्ड डिस्क बसवल्या. स्वतः बसवल्या, डबा जमिनीवर आडवा टाकून. दोन्ही सारख्याच. एकीवर जे ठेवीन ते त्याच वेळी दुसरीवरही उमटतं, म्हणजे उद्या एक बंद पडली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. जोडणी पुरी होण्याआधी कॉम्प्युटरने विचारलं, या डिस्कवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जाईल, चालेल का? डिस्क कोऱ्या करकरीत होत्या, त्यांच्यावर काहीच नव्हतं. तरी त्याने विचारलं. निर्जीव डबा तो, पण विचारतो. तुमच्यावर असा संताप आला की हातातला स्क्रू-ड्रायव्हर भिरकावून दिला, आणि मग पलंगाखालून तो काढत बसले.

दुसरी प्रत कशासाठी असते हे तुम्हाला कोणी शिकवायची गरजच नव्हती. अकोल्याच्या आपल्या दुकानात दोन व्हीसीआर शेजारी-शेजारी ठेवलेले असायचे, आणि दिवसभर एकातून दुसऱ्यात कोणाची ना कोणाची लग्नं उतरत असायची. मूळ कॅसेट दुकानात, कॉपी गिऱ्हाइकाला. कोणाच्या वरातीतल्या घोडीचीही आपल्याकडे दुसरी प्रत होती. आईची नव्हती. नवा कॅमेरा आणला तेव्हा तो तपासायला तुम्ही गच्चीवर गेलात, तिथे आई कुरडया घालत होती, आणि कॅसेट संपेपर्यंत तुम्ही तिचं शूटिंग केलंत. चालती-बोलती आई तेवढ्या एका कॅसेटमध्ये होती. पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही. तिची तेरवी झाल्यावर तुम्ही मला आणि भावाला समोर बसवलंत, कॅसेटच्या मागची प्लास्टिकची टिकली स्क्रू-ड्रायव्हरने तोडलीत आणि म्हणालात, "हे तुटली का याच्यावर कोणालेच दुसरं काई भरता येत नाई." मी ते शपथेसारखं धरून ठेवलं होतं.

मग लग्नाचा सीझन आला आणि गेला. एका दुपारी कॉलेजातून येऊन मी ती कॅसेट लावते, आणि पडद्यावर हिवरखेडचं कोणाचं तरी लग्न. बँड वाजतोय, नवरदेवाचा मामा नोटा ओवाळतोय. मी पुढे ढकलत राहते, मामाच नाचत राहतो. दुकानात धावत आले तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मले कोरी वाटली. आता काय जीव देऊ का मी?" मी रडायला लागले तर वर हेही ऐकवलंत, "गेलेलं माणूस कॅसेटीतून वापस येते का? काहून रडून राहिली?" टिकली तोडलेली असताना त्यावर भरलं कसं, हे रडण्यात मला सुचलंच नाही. चुकून झालं, असंच धरून चालले. मावशी म्हणायची, बाई गं, त्या माणसाला तेव्हा कशाचं भान होतं? तेही मी मानलं. तुम्ही गेलात तेव्हाही मानत होते.

यंदा भावाने दुकान रिकामं केलं. फोनवर म्हणाला, "ताई, ह्या कॅसेटी भंगारवाल्याले देऊ का?" मी म्हटलं, ती एक तेवढी मला अमरावतीला आणून दे. त्याने आणली. मी सहज उलटून पाहिली, तर मागे टिकली तोडलेल्या भोकावर चिकटपट्टी. नीट, कडेकडेने दाबून बसवलेली. बाबा, कोऱ्या कॅसेटीला ती पट्टी लावावी लागत नाही! टिकली तोडलेल्या कॅसेटीवर पुन्हा भरायचं असेल तरच लावतात, आणि आपल्या दुकानात ती कात्रीने कापून लावणारे तुम्ही एकटेच होतात. तुम्हाला ती कोरी वाटली नव्हती. हिवरखेडच्या मांडवात कॅसेटी कमी पडल्या असतील, वरात लांबली असेल, काहीही असेल. पण ही कोणती कॅसेट आहे हे माहीत असताना तुम्ही पट्टी कापलीत, आणि घरी येऊन पोटच्या पोरीशी खोटं बोललात. भाऊ म्हणतो, जाऊ दे आता. मी का जाऊ देऊ? तुमची अडचण मी समजून घेतली असती. मला येडी बनवलंत, ते नाही समजून घेत.

इथे अमरावतीत, राजापेठेत जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक जण आहे, त्याला ती दिली. तुमचा खोटेपणा जपून ठेवावा, एवढ्याच रागाने दिली. दोन दिवसांनी त्याचा फोन. "मॅडम, लगन संपल्यावर पुढं काईतरी दुसरंच लागते. एक बाई आहे, गच्चीवर. ठेवू का कापू?"

लग्न कॅसेटपेक्षा लहान निघालं होतं. शेवटचा तुकडा तेवढा वाचला. म्हणून त्या दोन डिस्क. एकीवरून पुसलं तर दुसरीवरूनही जातं, म्हणून तिसरी प्रत पेनड्राइव्हवर भावाकडे अकोल्याला. मी आता कोणावरच विसंबत नाही.

तुकड्यात आई सोऱ्या दाबतेय. "अवो, ते ठेवा बाजूले अन् परात धरा." कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज येतो, "थांब ना, हिरोइनवानी दिसून राहिली तू." "चला, काईच्या काई!" म्हणत आई हसते, पदराने तोंड झाकते, हसतच राहते, आणि कॅसेट संपते.

तुमचा आवाज काढून टाकायचा म्हणून मी आज सारी दुपार बसले. निघत नाही. तुमच्या बोलण्यावरच तिचं हसू चढलेलं आहे. तुम्हाला कापलं की तीही कापली जाते. शेवटी आहे तसं ठेवलं, तिन्ही ठिकाणी. राग तसूभर कमी झालेला नाही. पण आई तुमच्या बोलण्याला अशी हसायची, हे मी पार विसरून गेले होते. तुम्ही जिवंत असता तर हे तुम्हाला मुळीच सांगितलं नसतं.