तितराच्या पायाची सुतळी

लाडक्या लहान्या भावाले, गुलाबले, मोठ्या बाईचे पोटभर आशीर्वाद.

इथं बपेऱ्याले लेकीकडे मी मजेत आहो. नात दुडूदुडू चालून राहिली. तुये गुडघे कसे आहेत?

बरं, आईक. इथल्या गावसभेनं ठरवलं, कुत्र्याले शिकार शिकवाले जित्ता पक्षी बांधाचा नाई. आता जावई चिंधीत झडलेली पिसं गुंडाळून फेकते, अन् कुत्रा शेपूट हालवत आणते, जसा तितरच धरला! मी हासून हासून बेजार.

काल दुपारी डोळा लागला, अन् सपन पडलं. तू कुत्र्याच्या पिल्ल्यासाठी आंगनात बांधलेला तितर धानाच्या बांध्यांवरून उडून राहिला होता. सुतळी मात्र माया हातात होती.

मायं जुनं लुगडं खुंटीवर आहे. त्याची चिंधी कर, अन् तितराच्या पायाची ती सुतळी सोडून चिंधीलेच बांध.

तुई बाई, गिरजा