व्हिसाच्या खिडकीत

प्रिय पापा,

"सरकारी नोकरीच हवी तर टपाल वाटत फिर," असं तुम्ही म्हणालात, तरी मी परराष्ट्र खात्याची शिष्यवृत्ती घेतली. तुम्ही जिथून जीव मुठीत धरून पळालात, त्याच मानाग्वा शहरातल्या आपल्या नव्या देशाच्या वकिलातीत त्यांनी मला उन्हाळ्यापुरतं पाठवलंय. तुम्हाला मात्र मी लिस्बनला जातेय असं सांगितलं.

आज व्हिसाच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले.

"तू एलिओदोरोची मुलगी ना? डोळे तेच आहेत."

मी म्हणाले, "नाही, काका. तुमची चूक होतेय."

ते काचेजवळ वाकून हळूच म्हणाले, "शाबास, पोरी. सगळ्यांना हेच सांग. त्याच्या मागे लागलेले लोक इथे त्याला अजून विसरलेले नाहीत."

हे पत्र टाकायची हिंमत होत नाही, पापा. पाकिटावर तुमचं नाव लिहावं लागेल.

तुमचीच,
यादिरा