तुझे पाय जमिनीला लागू दिले नाहीत

आई, काल दुपारी तुझ्या नातीने मला मोबाइलवर अंतराळातून परतलेली माणसं दाखवली. यानाचं दार उघडतं आणि धडधाकट, हसऱ्या माणसांना चौघं जण उचलून खुर्चीत बसवतात. मी विचारलं, "आजारी आहेत का गं?" ती म्हणाली, "नाही गं. कित्येक महिने पायांवर भारच पडला नाही ना. तिथे वजनच जाणवत नाही, मग हाडं झिजतात, पोटऱ्या वाळतात, अंगातलं पाणी वर चढून चेहरा सुजतो. म्हणून ते रोज पट्ट्यांनी बांधून घेऊन तास-दोन तास व्यायाम करतात." मग सहज पुढे म्हणाली, "हे इथे जमिनीवर तपासायचं असलं, तर चांगल्या माणसांना नुसतं अंथरुणात झोपवून ठेवतात. बरंचसं तसंच होतं." मी चहा टाकायला उठले आणि गॅस न पेटवता नुसतीच उभी राहिले.

मुलुंडचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. सकाळी आरेच्या केंद्रावरून दुधाच्या बाटल्या घेऊन तू तीन जिने चढायचीस आणि दूध वर येईपर्यंत ओट्याला कंबर टेकून उभी असायचीस. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात खुर्चीवर रेलले की म्हणायचीस, "नीट उभी राहा. पाय दिलेत ना देवाने?" पुढे तुझं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं, आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाई मंगळवारी-शुक्रवारी घरी येऊ लागल्या. तू वॉकर धरून ओट्याकडे निघतेस, चार पावलं, ओठ घट्ट दाबून, कपाळावर घाम. मला ते बघवत नाही. "जरा धर मला, दूध मी तापवते," तू म्हणतेस. "आई, पड ना गप. मी आहे ना सगळं करायला." "मग मला काय शोभेला ठेवलीय?"

मी हसण्यावारी नेलं. शाळेत सिस्टरनी आजाऱ्याच्या सेवेबद्दल इतकं सांगितलं होतं, मला वाटलं, ती हीच. जेवण पलंगावर, केस पलंगावर विंचरायचे, पाण्याचा पेलासुद्धा मी तुझ्या ओठांना लावायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "आईचे पाय जमिनीला लागू देत नाही, लेक असावी तर अशी." मी सुखावायचे. दिवाळीपर्यंत तुझ्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या. चेहरा मात्र फुगलेला, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "बघा, चेहरा कसा भरलाय." मग एका सकाळी तुला बसवायला गेले, तर तुला घेरी आली. तू म्हणालीस, "राहू दे गं आता." पुन्हा तू उभी राहिली नाहीस. थंडीत छाती भरली आणि संपलं.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आईनेच जिद्द सोडली. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी ते मी ओट्यावर कागद ठेवून, उभ्याने लिहिलंय. गुडघे दुखताहेत. दुखू देत.

एक राहिलं. दिवाळीआधी एका शुक्रवारी व्यायामाच्या बाई आल्या, तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "आई झोपलीय, आणि आता येऊ नका, तिला सोसत नाही." तू झोपली नव्हतीस. पायांत सपाता घालून, वॉकर जवळ ओढून, पलंगाच्या कडेवर बसली होतीस. मी आत आले, आणि तू सपाता काढून ठेवल्यास.